शून्यावर लाव!

आमच्या लासलगावात माणसं दोन प्रकारची: कांदा लावणारी आणि कांद्यावर लावणारी. तिसरा प्रकार म्हणजे आम्ही निवृत्त मंडळी, महिन्यातून एकदा जमून पुस्तकावर बोलणारी. बोलण्यासाठी पुस्तक वाचलेलं असावं अशी सक्ती नाही, त्यामुळे चर्चा नेहमीच रंगते.

या खेपेला पुस्तक होतं दस्तयेव्हस्कीचं 'जुगारी'. लहानसं आहे, म्हणूनच निवडलं होतं. आणि काय सांगू वाचकहो, चक्क एकमत झालं! आमच्यात चहात साखर किती यावरसुद्धा एकमत होत नाही. हेडमास्तर म्हणाले, "नायकाला मनोनिग्रह नाही." वकीलसाहेब म्हणाले, "हाव! दुसरं काय?" एक काकू म्हणाल्या, "ती म्हातारी तर त्या वयात अगदीच शोभत नाही बाई." पोस्टातून निवृत्त झालेल्या अण्णांनी वहीत शेरा मारला: 'कमकुवत मनाच्या माणसाची कथा. तरुणांनी बोध घ्यावा.' आणि वही सह्यांसाठी फिरवली.

मी सही केली नाही.

अहो, हाव कुठली? तो अलेक्सेई एका रात्रीत दोन लाख फ्रँक जिंकतो आणि पॅरिसला जाऊन एका बाईच्या हाती सोपवून मोकळा होतो. हावरा माणूस असा असतो? हावरा माणूस मुदतठेव करतो. (इथं वकीलसाहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.) अलेक्सेईला पैसा नकोच आहे. त्याला हवा आहे तो चेंडू थांबण्याआधीचा क्षण. शेवटी खिशात मोजून दहा नाणी, तीही मित्रानं दिलेली, आणि हा डोळे लावून बसतो उद्याच्या दिवसाकडे. ही गोष्ट ज्याला कळत नाही, त्यानं पुस्तक वाचलेलं नाही, किंवा आयुष्यात काहीच पणाला लावलेलं नाही.

आणि म्हातारीला नावं ठेवता? मॉस्कोहून पंच्याहत्तर वर्षांची आजी चाकांच्या खुर्चीत बसून येते, शून्यावर लावते, जिंकते, मग सपाटून हरते. तिच्या स्वतःच्या पैशानं! खरा जुगार खेळतात ते तिचे जनरलसाहेब आणि त्यांचं गणगोत. ते आजीच्या मरणावर पैज लावून, तारेची वाट बघत, उधारीवर दिवस काढताहेत. एकाच्याही मनोनिग्रहाबद्दल हेडमास्तर बोलले नाहीत. कसे बोलणार? वडिलोपार्जित वाड्याच्या वाटणीची वाट बघत बसलेले आमच्या बैठकीतच निदान तिघं निघतील.

लेखकाचं तर विचारूच नका. हे पुस्तक जन्मलं तेच पैजेतून. १८६५ साली त्यानं प्रकाशकाशी करार केला होता की १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर नऊ वर्षं त्याचं लिखाण प्रकाशकानं फुकट छापावं. ऑक्टोबर उजाडला तरी पान कोरं. मग एक तरुण लघुलेखिका बोलावली आणि २६ दिवसांत तिला सगळं सांगून संपवलं. प्रकाशक त्या दिवशी सोयीस्करपणे गावाला गेलेला! तेव्हा पोलीसठाण्यात बाड देऊन पावती घेतली. पुढच्या वर्षी त्या लघुलेखिकेशीच लग्न केलं. कमकुवत मनाचा म्हणे!

हेडमास्तर हटेनात. म्हणाले, "आपल्याकडे ऋग्वेदातच जुगाऱ्याला सांगून ठेवलंय, फासे सोड आणि शेती कर."

"सर," मी म्हटलं, "ते ऋषी लासलगावचे नसावेत."

माझा थोरला भाऊ शेती करतो. पान नाही, तंबाखू नाही, पत्त्याला हात लावलेला नाही. २०२३ साली दादानं उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवला. ऑगस्टात निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं, लिलाव बंद पडले. दादा घाबरला आणि लिलाव सुरू होताच त्यानं चाळ रिकामी केली. ऑक्टोबर संपता संपता भाव असा चढला, की दादा आठवडाभर जेवताना कांदा मागेना. मग सगळी भिस्त शेतातल्या लाल कांद्यावर. तो काढायला आला आणि ७ डिसेंबरच्या रात्री दिल्लीहून निर्यातबंदीचा हुकूम निघाला. सकाळी दादा ट्रॅक्टर घेऊन बाजारात, तर तिथं लिलावच नाहीत. पुढं विकला तो उतरत्या भावानं. यात मनोनिग्रह कुठं कमी पडला, ते सरांनी मला सांगावं.

रूलेटच्या चाकावर शून्य धरून ३७ घरं असतात. चेंडू फिरू लागला की घरं कुणी बदलत नाही; एवढा सभ्यपणा त्या बदनाम अड्ड्यातसुद्धा पाळतात. आणि आमचा मटका तरी कुठून आला? मुंबईत आधी न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावावर आकडा लागत असे. ते भाव येणं १९६१ साली थांबलं, तेव्हा माठातून चिठ्ठ्या निघू लागल्या. म्हणजे माल पिकवणारा शेतात, आणि आकडा लावणारा भलतीकडेच. दादाला मी जुगारी म्हणतोय असं कृपा करून समजू नका. टेबलापाशी तो गेलेला नाही. टेबलच त्याच्या बांधावर आणून मांडलंय, आणि उठायची सोय नाही. अलेक्सेईला निदान उठता येत होतं; तो उठला नाही, ही त्याची गोष्ट. दोघांना एकाच शेऱ्यात गुंडाळून तरुणांना बोध कसला पाजता?

वही अजून अण्णांकडे आहे. माझ्या नावापुढं रेघ मारली आहे असं कळतं.

घरी येऊन दादाला कादंबरीची गोष्ट सांगितली. नायकाबद्दल तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "त्या म्हातारीचं पुढं काय झालं रे?"

"हरली. एका इंग्रजाकडून पैसे उसने घेतले आणि गेली मॉस्कोला परत."

"घर शिल्लक होतं ना तिचं?"

"दोन घरं होती. शिवाय तीन गावं."

"मग हरली कुठं?" दादा म्हणाला, आणि बॅटरी घेऊन चाळीकडे गेला.