शेतीतील कसबी हात आणि नेतृत्वाचा प्रश्न

पावसाळा ओसरू लागला, की नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी या तालुक्यांच्या द्राक्षबागांत फळछाटणीची लगबग सुरू होते. बागाईतदाराने वर्षभर घातलेले भांडवल आणि घेतलेले कष्ट यांचे पुढे काय व्हावयाचे, याचा बराचसा निकाल त्या थोड्या दिवसांत लागतो. तो लावणारी कात्री मात्र पुष्कळदा बागाईतदाराच्या हाती नसते. ती असते पेठ, सुरगाणा अशा डोंगरी तालुक्यांतून टोळ्या करून आलेल्या मजुरांच्या हाती. काम एकरी उक्ते ठरते, टोळीचा म्होरक्या भाव बोलतो, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य वर येण्यापूर्वी वेलींच्या ओळी वाटून घेतल्या जातात.

छाटणी हे काम दुरून पाहणाऱ्यास सोपे वाटते. वस्तुतः त्यात जेवढी पारख लागते, तेवढी शेतीच्या फार थोड्या कामांत लागत असेल. एप्रिलातील खरडछाटणीनंतर नवी फूट वाढत असताना, साधारणपणे ४० ते ६० दिवसांच्या काळात, काडीवरील डोळ्यांत घडाची निर्मिती होऊन चुकलेली असते. फळछाटणीच्या वेळी काडीची जाडी आणि पक्वता बोटांनी अजमावून नेमका तो डोळा राखावयाचा असतो. काडी आखूड कापली, तर घडाचा डोळाच कात्रीखाली जातो. फाजील लांब राखली, तर शेंड्याची फूट जोर करते आणि मागचे डोळे सुस्त राहतात. एका एकरात अशा हजारो काड्या असतात, आणि प्रत्येक काडीपाशी निर्णय घ्यावयास दोन-तीन क्षणांहून अधिक सवड नसते. पुढे फेलफूट काढणे, घडातील मणी विरळ करणे, जिब्रेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडविणे, ही कामेही याच हातांनी होतात. विरळणीत तर स्त्रियांचा हात विशेष हलका समजला जातो. परदेशी पाठवावयाच्या द्राक्षाचा मणी टपोरा आणि एकसारखा भरतो तो पुष्कळ अंशी त्यांच्या नजरेमुळे.

हे सारे कसब या माणसांनी कोठे मिळविले? बहुतेकांनी बांधावर, दुसऱ्याचे पाहून. ज्याने शिकविले त्याचे जेवढे बरोबर होते तेवढे बरोबर आले, आणि जेवढे चूक होते तेही आले. द्राक्षावर शास्त्रीय संशोधन व्हावे म्हणून पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झाले. जिल्ह्याजिल्ह्यांतून कृषी विज्ञान केंद्रे आहेत. प्रशिक्षणवर्ग भरतात, चर्चासत्रे होतात. पण तेथील हजेरीपत्रकावर सही करणारा मनुष्य बहुशः सात-बाराचा धनी असतो. वर्गाच्या छायाचित्रात पहिल्या रांगेत बसणारे चेहरेही पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षे तेच असतात, हे सांगण्यास खात्यातील मंडळींनी संकोच बाळगू नये.

या पद्धतीचे मूळ जुने आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजनेचा आरंभ झाला. ग्रामसेवकाने गावातील एक-दोन पुढारलेले शेतकरी हाताशी धरावे, त्यांच्या शेतावर प्रात्यक्षिक करावे, आणि त्यांचे पाहून इतरांनी शिकावे, अशी त्या काळची धारणा होती. जेथे नांगर धरणारा आणि जमीन बाळगणारा एकच होता, तेथे ती फारशी चुकीची नव्हती. आता चित्र पालटले आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ११.९ कोटी शेतकरी आणि सुमारे १४.४ कोटी शेतमजूर नोंदले गेले. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, शेतकऱ्यांचीच संख्या अधिक होती. म्हणजे २०११ च्या गणनेप्रमाणे शेतीतील निम्म्याहून अधिक हात शेतमजुरांचे होते, आणि शेतीशिक्षणाची योजना मात्र अजून जमीनधारकाच्या नावाने आखली जाते. निर्णय एकाने शिकावयाचा आणि कृती दुसऱ्याने करावयाची, अशी ही विभागणी आहे. तिची किंमत कधी मालाला मोजावी लागते, कधी माणसाला.

मालाचे उदाहरण द्राक्षाचेच आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाचे अंश आढळल्यामुळे भारतीय द्राक्षाचे कंटेनर युरोपच्या बाजारात नाकारले गेले. त्या एका हंगामाने अनेक बागाईतदारांना कर्जात लोटले. त्यानंतर अंशविरहित उत्पादनाविषयी पुष्कळ शिकविले गेले, बागाईतदार सावध झाले, हे खरेच. पण टाकीत किती औषध पडले, मागील फवारणीचा पंप धुतला गेला की नाही, हे शेवटी पंपापाशी उभा असलेला मनुष्यच जाणतो.

माणसाच्या किमतीचे उदाहरण अधिक दुःखद आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस जणांनी प्राण गमावले, आणि कित्येक शेकडा लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्यांत रोजंदारीने फवारणी करणारे मजूर पुष्कळ होते. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढलेली होती, त्यामुळे औषधाचा तुषार थेट तोंडावर येत होता. अशा पिकात फवारणी करू नये, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालू नये, दोन-तीन औषधे मनाने एकत्र करू नयेत, या गोष्टी पुस्तिकांत छापलेल्या होत्याच. त्या पाठीवर पंप घेणाऱ्यापर्यंत पोचल्या नाहीत, आणि ज्याच्यापर्यंत पोचल्या असतील त्याला ‘आज फवारणी होणार नाही’ असे मालकाला सांगण्याची हिंमत नव्हती.

या शेवटच्या वाक्यात नेतृत्वाचा प्रश्न दडलेला आहे. नेतृत्व म्हटले की सभा, हारतुरे आणि निवडणूक डोळ्यांपुढे येते. शेतातील नेतृत्वाचे स्वरूप याहून साधे आहे. दहा माणसांच्या वतीने कामाचा भाव ठरविणे, नवख्याला हाताशी धरून शिकविणे, काम चुकत असेल तर थांबविणे, आणि धोका असेल तेथे नाही म्हणणे, हे ज्याला जमते तो टोळीचा खरा नायक होय. यांपैकी नाही म्हणण्याचे बळ केवळ स्वभावातून येत नाही. ते ज्ञानातून येते. फळछाटणीनंतर डोळे लवकर व सारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाईडचा लेप लावतात. हे द्रव्य अंगाला अपायकारक आहे. शिवाय ते शरीरात गेले असता, लेप लावण्याच्या आधी किंवा नंतरच्या दिवसांत मद्य घेतलेल्या माणसास चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, रक्तदाब उतरणे असा गंभीर त्रास होतो. म्हणून रबरी हातमोजे घालावेत आणि त्या दिवसांत दारूला स्पर्श करू नये. ज्या म्होरक्याला एवढे ठाऊक आहे, तो आपल्या टोळीसाठी हातमोजे मागून घेईल आणि संध्याकाळी आपल्या माणसांना आवरील. ज्याला ठाऊक नाही, तो उघड्या हाताने लेप लावील आणि दुखण्याचे खापर उन्हावर फोडील.

बागाईतदारांचा स्वतःचा इतिहास येथे लक्षात घेण्याजोगा आहे. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० साली स्थापन झाला. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन एकमेकांच्या बागा पाहिल्या, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारले, आणि त्यातून पुढारी घडले. जी शिडी बागाईतदारांस उपयोगी पडली तीच मजुरांच्या टोळीला वापरू द्यावयाची आहे.

यावर आक्षेप येतात. मजूर आज या बागेत, उद्या त्या बागेत. त्याला शिकवून लाभ कोणाचा, असे काही बागाईतदार विचारतात. याचे उत्तर सरळ आहे. तो उद्या ज्या बागेत जातो तीही याच परिसरातील आहे, आणि परवा शेजारची टोळी शिकून याच बागेत येते. दुसरा आक्षेप असा, की शिकलेला मजूर अधिक मजुरी मागेल. मागेलच, आणि मागावी. काडी नेमक्या डोळ्यावर कापणाऱ्या हाताला आणि तोडून टाकणाऱ्या हाताला एकच भाव देणे, हे चांगल्या हिशेबाचे लक्षण नव्हे.

अक्षरओळख नाही म्हणून शिकविता येत नाही, हा आक्षेप तर अजिबात टिकणारा नाही. महाराष्ट्रात आज रुळलेल्या शेतीशाळेची पद्धत इंडोनेशियात १९८९ मध्ये सुरू झाली. भातावरील तपकिरी तुडतुड्यांनी तेथे हाहाकार केला होता. वीस-पंचवीस जणांचा गट आठवड्यातून एकदा शेतात उतरे, रोप न्याहाळी, जे दिसले त्याचे कागदावर चित्र काढी आणि मग काय करावयाचे ते आपापसांत ठरवी. पुढे यांतीलच शेतकरी दुसऱ्या गटांचे शिक्षक झाले. चित्र काढावयास सही येण्याची गरज नसते.

खरी अडचण वेळेची आणि बुडणाऱ्या रोजाची आहे. हंगाम सुरू झाल्यावर टोळीला श्वास घ्यावयासही फुरसत नसते. तेव्हा भरविलेला वर्ग मोकळाच राहणार. पेठ-सुरगाण्याकडे भाताची आणि नागलीची आवणी आटोपल्यानंतर द्राक्षाचे काम निघेपर्यंत काही आठवडे माणसे आपापल्या पाड्यावर असतात. वर्ग तेथे न्यावा. शिकविण्यासाठी उपटून टाकावयाच्या जुन्या बागेतील वेली आणि काड्या वापरता येतील. चूक झाली तरी कोणाचे नुकसान नाही. कोणास पाठवावे हे कार्यालयाने न ठरविता टोळीने आपसांत ठरवावे, आणि दर टोळीतून निदान एक स्त्री असावी. कारण विरळणीच्या दिवसांत म्होरकेपण तिच्याकडेच येते, मग भाव कोणी का बोलेना. प्रशिक्षणाच्या दिवसाचा रोज त्यांना मिळाला पाहिजे. बागाईतदाराला चर्चासत्रास येताना मजुरी बुडण्याची चिंता नसते. यांना त्या दिवशीची चूलच पेटवावयाची असते. प्रवासखर्च आणि भोजन यांसाठी जी तरतूद अंदाजपत्रकात असते, तिच्याच शेजारी बुडीत रोजाची तरतूद केली, तर पुढील भाद्रपदात एखाद्या पाड्यावर पहिला वर्ग भरविणे अशक्य नाही.