रेशनचा तांदूळ टाकीत नको

जून २०२३. माणशी जादा पाच किलो मोफत तांदूळ देण्याच्या अन्नभाग्य योजनेसाठी महिन्याला २.२८ लाख टन तांदूळ द्या, किलोला ३४ रुपये मोजतो, असं बेंगळुरूहून कर्नाटक सरकार दिल्लीला विनवत होतं. केंद्राच्या अन्न महामंडळाने राज्यांना विक्रीच बंद केली. त्याच वेळी इथेनॉलच्या कारखान्यांना मात्र महामंडळाचा तांदूळ २० रुपये किलोने मिळत होता. तो पुरवठा जुलैत थांबला. कर्नाटकातल्या कार्डधारकांना जादा पाच किलो तांदळाऐवजी माणशी १७० रुपये मिळू लागले. तेवढ्या पैशांत बाजारात बरा तांदूळ किती येतो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

पुढे वारं फिरलं. फेब्रुवारी २०२५ पासून इथे पैशांऐवजी जादा तांदूळ मिळू लागला, पण इथेनॉलसाठीही त्या हंगामात ५२ लाख टन मंजूर झाला, दर साडेबावीस रुपये. टनभर तांदळातून साधारण ४५० लिटर इथेनॉल निघतं. बेंगळुरूत सिल्क बोर्डच्या सिग्नलला ताटकळणाऱ्या मोटारीची ३५ लिटरची टाकी वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने भरली आणि ते इथेनॉल तांदळाचं असलं, तर सुमारे पंधरा किलो तांदूळ जळतो. केंद्राकडून मिळणारं तिघांचं महिन्याचं मोफत रेशन!

गोदामात सडण्यापेक्षा हे बरं, असं म्हणतात. सडलेला खुशाल द्या, आमची ना नाही. पण ‘शिल्लक’ ठरते कशी? रेशनच्या लाभार्थ्यांचा कोटा आजही २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. व्हाइटफील्डचे मनोरे बांधणाऱ्या मजुराची त्यानंतर जन्मलेली पोरं त्या मोजणीत नाहीत. आधी खाणारी तोंडं मोजा, मग शिल्लक सांगा.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. धान्यापासून मद्य काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचं सरकारने २००७ मध्ये ठरवलं, आणि पुढे गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध रान उठवलं. मद्याला विरोध सोपा असतो. इंधनाला ‘हरित’ म्हटलं की आपण गप्प बसतो.

इंधन हवंच, पण ताटाबाहेरचं. पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्याचं २०२२ मध्ये उद्घाटन झालं. डिझेलच्या जागी चालणारं तेल तर बेंगळुरूच्या फुटपाथवर पडलेलं असतं: होंगे, म्हणजे आपला करंज. चपटी शेंग, आत तपकिरी बी, तेल कडू. कुणाच्या ताटातलं काही हिरावत नाही. भारतीय विज्ञान संस्थेचे प्रा. उडुपी श्रीनिवास यांनी त्यावर गावातली इंजिनं चालवून दाखवली. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने हासनजवळ मडेनूरला जैवइंधन उद्यान उभारलं. हे काम कोपऱ्यात पडू देऊ नका.

बेंगळुरूतल्या मराठी मंडळांनो, गणपतीच्या मांडवात एक टेबल या मागणीसाठी मांडा. येणाऱ्यांकडून खासदारांना पत्रं लिहून घ्या: नव्या जनगणनेवर रेशनच्या याद्या होईपर्यंत खाण्याजोगा तांदूळ इथेनॉलला नको. इथेनॉलचं वर्ष नोव्हेंबरात सुरू होतं, म्हणून पत्रं दसऱ्याच्या आत पोचवा.