नाडीचे ठोके आणि उष्मांकांचा जमाखर्च

हिशेबाची आवड हा आपल्या सुशिक्षित घरांचा जुना गुण आहे. दूधवाल्याचे खाडे, वाण्याची यादी आणि धोब्याच्या कपड्यांची वही ज्या घरांत नेमाने ठेवली जात असे, त्याच घरांत आता शरीराचाही जमाखर्च ठेवला जाऊ लागला, तर त्यात नवल नाही. नाडी मोजणारे घड्याळ मनगटास बांधून सकाळी फिरावयास जावे, परत येताच ‘आज इतके उष्मांक जळाले’ असा आकडा वाचावा आणि त्या आधारावर न्याहरीच्या बशीत चमचाभर शिरा अधिक वाढून घ्यावा, हा क्रम पुण्यातील पुष्कळ घरांत परिचयाचा झाला आहे. जेथे कोणासच पथ्य नाही, तेथे ही गोष्ट थट्टेवारी नेता येईल. परंतु ज्या घरात सासऱ्यांना मधुमेह आहे आणि थोरल्या दिरांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, तेथे हा आकडा ताटात काय वाढावे ते ठरवू लागतो. म्हणून तो कितपत विश्वासार्ह आहे, याचा विचार या खेपेस करावयाचा आहे.

प्रथम हे घड्याळ मोजते तरी काय, ते पाहू. त्याच्या पाठीकडून त्वचेवर हिरवा प्रकाश पडतो. रक्त हा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक मनगटातील रक्त क्षणभर वाढते, तेव्हा परत येणारा प्रकाश तेवढाच घटतो. या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजते. छातीस बांधावयाचा पट्टा हृदयाची विद्युत् स्पंदनेच टिपतो, म्हणून तो अधिक भरवशाचा. पण दोहोंची मजल ठोक्यांपर्यंतच. उष्मांक मोजणारे असे काही त्यांत नसते. तो आकडा ठोक्यांवरून बांधलेला अंदाज असतो.

उष्मांक खरोखर मोजावयाचे तर माणसाच्या तोंडानाकावर मुखवटा बसवून त्याने किती प्राणवायू वापरला ते पाहावे लागते. एक लिटर प्राणवायू खर्ची पडला की शरीरात सुमारे पाच उष्मांक जळतात, हे शास्त्रज्ञांनी पूर्वीच ठरविले आहे. मेहनत वाढली की प्राणवायूची मागणी वाढते आणि ती पुरविण्यास हृदय त्वरेने चालते. या संबंधाचा आधार घेऊन सूत्रे बसविलेली आहेत. असे एक प्रसिद्ध सूत्र २००५ साली दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्यात नाडी, वजन, वय आणि स्त्रीपुरुषभेद एवढ्या गोष्टी घेतल्या आहेत. ते नियमित व्यायाम करणाऱ्या, १८ ते ४५ वर्षे वयाच्या ११५ व्यक्तींच्या चाचणीवरून बसविलेले आहे. आता चाळीस वर्षांचा, ७० किलो वजनाचा गृहस्थ आरामखुर्चीत वृत्तपत्र वाचीत बसला आहे आणि त्याची नाडी ७० आहे असे समजा. हे सूत्र त्यास लावले तर मिनिटास सुमारे २.६ उष्मांक येतात. वस्तुतः त्याचा खर्च सुमारे १.२ असावा. सूत्रकर्त्यांचा यात दोष नाही. त्यांनी ते व्यायामाकरिता रचले होते. परंतु ज्या मर्यादेत सूत्र खरे, तिच्याबाहेर ते नेले की आकडा दुप्पट होण्यास वेळ लागत नाही, आणि सत्तरीचे आजोबा तर त्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर आहेत.

प्रत्यक्ष घड्याळांची परीक्षा अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. साठ व्यक्तींच्या मनगटांवर सात प्रकारची यंत्रे बांधून त्यांना चालावयास, धावावयास व सायकल चालवावयास लावले होते. सातांपैकी सहा यंत्रांची नाडीतील चूक ५ टक्क्यांच्या आसपास राहिली. उष्मांकांत मात्र सर्वांत चांगल्या यंत्राचीही चूक सरासरीने २७ टक्के, आणि सर्वांत वाईट यंत्राची ९३ टक्के निघाली! सावळ्या वर्णाच्या व स्थूल व्यक्तींत आणि चालण्याच्या व्यायामात चुका अधिक आढळल्या, ही गोष्ट आपल्याकडील फिरावयास जाणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्यानंतर यंत्रे सुधारली असतील. परंतु अनुमान हे अनुमानच राहणार.

याचे कारण असे की, हृदय एकट्या स्नायूंचे चाकर नाही. वैशाखातील उन्हाने, कडक चहाने, भीतीने, रागाने, पाणी कमी पडल्याने नाडी जलद होते. त्या मानाने उष्मांक जळत नाहीत. उलट रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीला मुद्दाम आवर घालतात. अशा गृहस्थाने कितीही चाल केली तरी घड्याळ आकडा कमीच दाखविणार. तो भरून काढण्याच्या हट्टाने त्याने अधिक धावपळ केली, तर ते जिवावर बेतू शकेल.

आणखी एक कारण आपल्या पुण्यातच उजेडात आले आहे. येथील के. ई. एम. रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची जोडछायाचित्रे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा अंक दोघांचाही २२.३, परंतु अंगातील चरबी युडकिन यांच्या ठायी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या ठायी २१.२ टक्के! आपल्याकडील सडपातळ देहातही चरबी अधिक व स्नायू कमी असू शकतात, हे त्यातून जगाला दिसले. चरबीपेक्षा स्नायू अधिक उष्मांक जाळतात. सूत्राला मात्र केवळ वजन ठाऊक. तेव्हा आपल्या बाबतीत आकडा फुगण्याचाच संभव अधिक.

घड्याळाचा पडताळा पाहण्यास पर्वतीची टेकडी पुरेशी आहे. ६० किलोच्या मनुष्याने ७० मीटर चढ चढला असे धरू. भार इतका उंच नेण्याचे निव्वळ काम पदार्थविज्ञानाच्या नियमाने अवघे दहा उष्मांक भरते. स्नायूंना दिलेल्या शक्तीचा सुमारे चौथा हिस्साच कामी येतो, म्हणून खर्च चाळीस धरावा. दोन चमचे साखरेतही चाळीसच उष्मांक असतात! म्हणजे चढाची ही कमाई खाली येऊन घेतलेल्या एका गोड चहात संपते. जाण्यायेण्याचे चालणे मिळविले तर आकडा वाढेल, हे खरे. पण स्वस्थ बसलेल्या माणसाचेही तासाला साठ-सत्तर उष्मांक जळतातच, आणि पुष्कळ यंत्रे तेही व्यायामाच्या खाती मांडतात.

मग घड्याळ काढून ठेवावे काय? मुळीच नको. नाडीसाठी ते उपयोगी आहे. तीच वाट त्याच वेगाने चालताना नाडी महिन्या-दोन महिन्यांत खाली येऊ लागली, तर हृदयाची तयारी वाढली असे बहुधा समजावे. आपली आजची नाडी आपल्याच कालच्या नाडीशी ताडावी. जावेच्या किंवा पुतण्याच्या आकड्याशी नव्हे. एकत्र कुटुंबात एकच घड्याळ हातोहाती फिरते आणि वय, वजन मात्र पुतण्याचेच भरलेले राहते. मग काकूंच्या श्रमांचा हिशेब पुतण्याच्या देहाने होतो, इकडेही घरातील जाणत्यांनी लक्ष पुरवावे. रक्तदाबाची वा हृदयाची औषधे घेणाऱ्यांनी किती नाडीपर्यंत श्रम करावेत, हे डॉक्टरांस विचारून घ्यावे. इतरांस साधी कसोटी पुरे: चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

आणि ताट? ते घड्याळाकडे पाहून वाढू नये. फिरून आल्यावर लागलेली भूक खरी असेल. तिला भाकरी, उसळ, ताक यांनी मान द्यावा. मात्र ‘जळाले’ म्हणून वरचा गोड घास घेण्याचा हक्क कोणास मिळत नाही. मधुमेह्यास तर नाहीच. शिंप्याच्या फितीने महिन्यातून एकदा कमरेचा घेर घ्यावा, त्याच दिवशी वजन करावे आणि दोन्ही आकडे वहीत लिहावेत. वर्षाअखेर ही चोवीस आकड्यांची वही घरातील माणसांच्या प्रकृतीविषयी जितके सांगेल, तितके मनगटावरचे रोजचे उष्मांक सांगणार नाहीत.