पाय फताडे नाहीत, साचा अरुंद आहे

रुंद पायासाठी मराठीत एक तिरसट शब्द आहे : फताडा. बाईच्या पायाला तो एकदा चिकटला की चप्पल न बसण्याचा दोष आपोआप पायाकडे जातो. मला हा न्याय मान्य नाही.

वेज हील म्हटल्यावर ज्यांना थाळी आठवते त्यांच्यासाठी : टाचेपासून चवड्यापर्यंत एकसंध उतरत जाणारा जाड तळ. टोकदार टाचेसारखा तो मातीत रुतत नाही, वजन पसरवतो. शिरूर आणि दौंड, दोन्हीकडच्या दुकानांत मी अशा सँडल शोधल्या. दोन्हीकडे उत्तर एकच, "ताई, एक नंबर मोठा घ्या ना." ही पळवाट आहे. नंबर वाढला की लांबी वाढते, रुंदी जेमतेम. उतरत्या तळावर पाय पुढे घसरतो, करंगळी कडेबाहेर लोंबते आणि टाचेमागे बोटभर जागा रिकामी राहते. म्हणजे पैसे मोजून घट्टे विकत घ्यायचे.

असे पाय अपवाद आहेत का? चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. भारतीय पाय युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा साधारणपणे रुंद निघाले. त्यावरून 'भा' ही आपली मापपद्धत सुचवली गेली. इथल्या दुकानांच्या फळ्यांवर मात्र मला अजून ब्रिटिश किंवा युरोपीय नंबरच दिसतात. इंग्रज गेला, त्याचा फर्मा राहिला.

आमच्याकडे पाय रुंद असण्यात नवल ते काय! लहानपणी अनवाणी वावरलेला पाय चवड्यात पसरतो. बाळंतपणानंतरही तो थोडा वाढू शकतो. उसात खुरपणारी बाई असो की रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यात पाळीभर उभी राहणारी, तिचा पाय कामाने घडलेला असतो. "मग सपाट चप्पल घाला" म्हणणाऱ्यांना विचारते, लग्नकार्यात दोन बोटं उंच दिसायची हौस फक्त अरुंद पायांनीच करायची का?

तेव्हा बायांनो, खरेदीला संध्याकाळी जा, पाय फुगलेले असताना. घरून कागदावर दोन्ही पायांची आकृती काढून न्या आणि सँडलच्या तळावर ठेवा. रेघ बाहेर गेली तर जोडी परत. बक्कल किंवा वेल्क्रोचा, सैल करता येणारा पट्टा बघा. घोट्यामागचा पट्टा हवाच, नाहीतर पाय घसरणार. पुढचा भागही थोडा जाड असलेली जोडी घ्या, म्हणजे उतार कमी. दुकानातल्या गालिच्यावर नाही, बाहेरच्या फरशीवर चालून बघा.

"वापरून सैल होईल" असं कुणी म्हणालं तर उठा. पट्टा ताणेल एखादवेळी, तळ रुंद होत नाही. आणि उठताना मालकाला सांगून या, की नंबराशेजारी रुंदी लिहिलेला माल मागवा. गिऱ्हाईक आम्ही आहोत.