रिकाम्या खोलीची बोली

दिवाळीची सुट्टी लागली, की आरे-वारेच्या किनाऱ्याने गणपतीपुळ्याकडे मोटारींची रांग लागते. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला सुरूची झाडे. पण मोटारीत मागच्या आसनावर बसलेल्या मुलाचे लक्ष दोन्हीकडे नसते. तो मोबाईलवर खोल्यांचे दर वाचून दाखवीत असतो. ‘बाबा, इथे चाळीस टक्के सूट आहे!’ त्यावर पुढे बसलेली आई म्हणते, ‘देवळापासून किती लांब आहे ते बघ आधी. आजीला फार चालवत नाही.’ त्याच वेळी गावात, ‘खोली मिळेल’ अशी पाटी लावलेल्या घराच्या पडवीत एक गृहस्थ बसलेले असतात. त्यांच्याही हातात मोबाईल असतो. आपल्याच खोलीवर आज किती सूट जाहीर झाली आहे, हे ते पाहत असतात.

मुलगा आणि ते गृहस्थ यांच्यात अंतर असते जेमतेम दोन-चार किलोमीटरचे. पण त्यांच्यातली घासाघीस कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या संगणकामार्फत चाललेली असते. स्वस्तात खोली मिळवणे हा आता मध्यमवर्गीय कुटुंबाच्या सहलीचा अविभाज्य भाग झाला आहे. त्यात गैर काहीच नाही. मात्र ही सूट नेमकी येते कोठून आणि ती कोण देतो, हे समजून घेतले, तर आपले पैसेही वाचतील आणि कोकणातल्या त्या पडवीतल्या माणसाचेही.

‘तुमचा दर तुम्हीच सांगा’

१९९८ साली दोन गोष्टी घडल्या. त्या वर्षीच्या प्रजासत्ताकदिनी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत ‘प्राइसलाइन’ नावाचे संकेतस्थळ सुरू झाले. जे वॉकर या उद्योजकाची ही कल्पना. दुकानदाराने दर सांगायचा आणि गिऱ्हाइकाने तो मोजायचा, हा नेहमीचा रिवाज त्याने उलटा केला. ‘तुमचा दर तुम्हीच सांगा’ असे त्याचे ब्रीद होते. आधी विमानाची तिकिटे आणि मागाहून हॉटेलातल्या खोल्या अशा बोलीवर विकल्या जाऊ लागल्या.

पद्धत मोठी गमतीची होती. शहराचा कोणता भाग हवा, किती तारांकित हॉटेल हवे आणि आपण किती डॉलर देऊ, एवढेच गिऱ्हाइकाने लिहायचे. हॉटेलचे नाव मात्र कळत नसे. क्रेडिट कार्डाचा क्रमांक आधीच द्यावा लागे. बोली मान्य झाली, की पैसे वळते होत आणि मगच हॉटेलचे नाव कळे. नंतर ‘नको’ म्हणण्याची सोय नाही, पैसे परत नाहीत. बोली फेटाळली गेली, तर त्याच मागणीसाठी लगेच दर वाढवून पाहण्याचीही मुभा नसे. थांबावे लागे किंवा मागणीत काही तरी बदल करावा लागे.

नाव झाकून ठेवण्यात मोठे इंगित होते. दोनशे डॉलरची खोली नव्वदला विकल्याचे जगजाहीर झाले, तर पुढच्या वेळी दोनशे कोण देणार? हॉटेलला रिकामी खोली खपवायची असे, पण आपला ठरलेला भावही मोडू द्यायचा नसे. म्हणून स्वस्ताई होती, ती बुरख्याआडून.

आणि तरीही ही बोली टिकली नाही. विमान तिकिटांसाठीची बोली कंपनीने २०१६ साली बंद केली. याच कंपनीने २००५ साली नेदरलँड्समधील ‘बुकिंग डॉट कॉम’ विकत घेतली होती. तेथे बोली नव्हती. हॉटेलचे नाव, दर, छायाचित्रे सारे उघड, आणि प्रत्येक आरक्षणामागे हॉटेलकडून दलाली. हा धंदा इतका वाढला, की २०१८ साली मूळ कंपनीने स्वतःचे नावच बदलून ‘बुकिंग होल्डिंग्ज’ असे केले. बोलीने नाव मिळवून दिले, पैसा दिला तो दलालीने.

आपल्याकडे तर खोलीसाठी बोली लावण्याची ही तऱ्हा कधी रुजलीच नाही. ते स्वाभाविकही आहे. सोबत आजी आहे, लहान मूल आहे, जेवण शाकाहारी हवे, मोटार लावायला जागा हवी. असे कुटुंब नाव-गाव न कळता खोलीचे पैसे कसे भरील? आपल्याकडे आल्या त्या सरळ आरक्षणाच्या सोयी. ‘मेक माय ट्रिप’, ‘गोआयबिबो’, २०१३ सालानंतर ‘ओयो’. बोली गेली, पण तिच्या मागचे गणित मात्र राहिले. आज पडद्यावर दिसणारी टक्केवारी म्हणजे त्याच गणिताचे नवे रूप होय.

मासळी आणि रात्र

हे गणित कोकणच्या माणसाला शिकवावे लागत नाही. हर्णैच्या किनाऱ्यावर होड्या लागल्या, की वाळूवरच मासळीचा लिलाव होतो. माल ताजा, गिऱ्हाईक पुष्कळ, तर भाव चढा. उशीर झाला आणि गिऱ्हाईक पांगले, की भाव खाली. माल नाशवंत, त्यामुळे विकणाऱ्याला ताठा धरून चालत नाही.

हॉटेलची खोली तर मासळीपेक्षाही नाशवंत. मासळी बर्फात एक दिवस तरी टिकते. मंगळवारची रिकामी रात्र बुधवारी विकता येत नाही. ती गेली, ती गेलीच. खोली रिकामी राहिली म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही आणि नोकराचा पगारही चुकत नाही. त्यामुळे दुसरे गिऱ्हाईक येणारच नसेल, तर चादरी धुण्याचा आणि विजेचा खर्च सुटून चार पैसे उरतील अशा दराने खोली देणे मालकाला परवडते. अमेरिकेतील विमान कंपन्यांनी १९७८ नंतर, सरकारी दरबंधने उठल्यावर, हे शास्त्र हिशेबात बसवले. हॉटेलांनी ते त्यांच्याकडून उचलले. आज संगणक तेच काम तासातासाला करतो.

यातून एक साधी गोष्ट निघते. सूट ही कोणाच्या औदार्यातून येत नाही. ती रिकाम्या खोलीतून येते. आणि गणपतीपुळ्यात खोली रिकामी केव्हा असते, हे पंचांगावरून सांगता येते. दिवाळी, नाताळ ते नववर्ष, मे महिना, माघी गणेशजयंती, अंगारकी आणि शनिवार-रविवारला जोडून आलेली सुट्टी या दिवसांत खोली मिळाली हेच नशीब. त्या दिवसांत ‘चाळीस टक्के सूट’ दिसली, तर मूळ दरच आधी फुगवलेला नाही ना, हे पाहावे. उलट जुलैतला बुधवार, परीक्षांच्या आधीचा फेब्रुवारी, नवरात्र आणि दिवाळी यांच्यामधले मधले वार, या दिवसांत सूट खरी असते. पावसाळ्यातल्या स्वस्ताईला अर्थात एक कारण आहे. समुद्र खवळलेला असतो आणि पाण्यात उतरणे जिवावरचे ठरते. पण पाऊस, हिरवा डोंगर आणि गर्दीविना दर्शन ज्यांना हवे, त्यांच्यासाठी तोच काळ उत्तम.

सूट कोणाच्या खिशातून?

आता त्या पडवीतल्या गृहस्थांचा हिशेब पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत. समजा त्यांच्या खोलीचा पाटीवरचा दर ३,००० रुपये. संकेतस्थळावर २० टक्के सूट दाखवून ती २,४०० रुपयांना दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. तो धरून गिऱ्हाइकाने भरायचे २,५२० रुपये. संकेतस्थळाची दलाली २० टक्के धरली, तर २,४०० वर ४८० रुपये. त्या दलालीवरचा १८ टक्के कर सुमारे ८६ रुपये. मालकाच्या हाती उरले १,८३४. म्हणजे २० टक्क्यांची सूट गिऱ्हाइकाला मिळाली खरी, पण मालकाच्या पाटीवरच्या दरातून जवळजवळ ३९ टक्के गेले.

हेच कुटुंब सरळ दूरध्वनी करून २,२०० रुपयांना तयार झाले असते, तर? वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असलेल्या छोट्या घरमालकाला या कराची नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे अशा घरी थेट राहिल्यास हा कर लागत नाही. तीच खोली संकेतस्थळावरून घेतली, तर मात्र तो भरावा लागतो. यात करचुकवेगिरी नाही. कायद्यानेच तशी तरतूद केली आहे. थेट व्यवहारात गिऱ्हाइकाचे ३२० रुपये वाचतात आणि मालकाला ३६६ रुपये अधिक मिळतात. दोघांचाही फायदा.

याचा अर्थ संकेतस्थळे निरुपयोगी आहेत, असा नव्हे. पूर्वी गणपतीपुळ्याला जायचे, तर पर्यटन विकास महामंडळाचे निवास, देवस्थानचे भक्तनिवास किंवा कोणा ओळखीच्याचे घर एवढेच पर्याय ठाऊक असत. मालगुंडच्या आतल्या वाडीत कोणी दोन स्वच्छ खोल्या बांधल्या, तर नागपूरच्या कुटुंबाला ते कळणार कसे? ती ओळख संकेतस्थळाने करून दिली. आधीच्या पाहुण्यांचे अभिप्राय वाचता येऊ लागले. ओळख करून देण्याचे मोल त्याने घेतले, तर तक्रार नाही. प्रश्न आहे तो मोल किती, आणि ओळख झाल्यावरही ते कायम का मोजायचे, हा.

दर कोठे ठरतो?

त्याहून मोठा प्रश्न अधिकाराचा आहे. अनेक मोठ्या संकेतस्थळांनी हॉटेलांशी केलेल्या करारांत ‘दर-समानते’ची अट घातली होती. आमच्याकडे जो दर, त्याहून कमी दर तुम्ही इतरत्र देता कामा नये, असा तिचा मथितार्थ. म्हणजे दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला शंभर रुपये कमी करण्याची मोकळीकही मालकाला उरत नाही. घर त्याचे, खोली त्याची. पण दर गणपतीपुळ्यात ठरायचा की गुरुग्राममध्ये?

हॉटेलचालकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने ‘मेक माय ट्रिप-गोआयबिबो’ला २२३.४८ कोटी आणि ‘ओयो’ला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दर-समानतेच्या अटी करारांतून काढण्याचा आदेशही ‘मेक माय ट्रिप-गोआयबिबो’ला दिला. त्यावर अपिले झाली. युरोपातही हाच वाद गाजला. तेथील नव्या कायद्यामुळे ‘बुकिंग डॉट कॉम’ला २०२४ साली युरोपीय देशांपुरती ही अट सोडून द्यावी लागली. ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठचा हॉटेलवाला आणि आपल्या किनाऱ्यावरचा घरमालक यांचे दुखणे एकच आहे, एवढे यावरून दिसते.

ग्राहकाचीही बाजू कायद्याने पाहिली आहे. ‘फक्त एकच खोली शिल्लक’, ‘आत्ता बारा जण हेच हॉटेल पाहत आहेत’ अशी खोटी घाई दाखवणे आणि आधी कमी दर दाखवून शेवटच्या पायरीवर निरनिराळे आकार चढवणे, या क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. पडद्यावरच्या घाईने आपण घाबरू नये, हे त्यातले सार.

खरी बोली तारखेची

मग शहाण्या कुटुंबाने काय करावे? पहिली गोष्ट, तारीख ठरवताना लवचीक राहावे. शुक्रवार-शनिवारऐवजी रविवार-सोमवार जमत असेल, तर ती कोणत्याही ‘कूपन’पेक्षा मोठी सूट. दुसरी, दर पाहताना सर्व करांसह अखेरची रक्कम पाहावी. तिसरी, संकेतस्थळावर निवास निवडला, तरी एकदा थेट दूरध्वनी करून विचारावे. ‘काका, तीन दिवस राहतो, जेवणही तुमच्याकडेच घेतो, काही कमी होईल का?’ ही मराठी बोली अजून बाद झालेली नाही. तीन दिवसांचा मुक्काम आणि घरचे जेवण यांत मालकाला जे मिळते, त्यातले थोडे तो आनंदाने सोडतो.

मात्र दूरध्वनी क्रमांक नीट पारखून घ्यावा. तीर्थक्षेत्रांच्या निवासांच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून आगाऊ रक्कम लुबाडण्याचे प्रकार देशभर घडले आहेत. शोधयंत्रात वर दिसणारा क्रमांक खराच असतो, असे नाही. पूर्ण रक्कम आगाऊ मागणारा, खोली दाखवायला टाळाटाळ करणारा माणूस दिसला, की थांबावे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

आणि एक गोष्ट आपल्याकडूनही व्हायला हवी. रद्द करणे फुकट आहे म्हणून तीन-तीन ठिकाणी खोल्या अडवून ठेवायच्या आणि आदल्या रात्री दोन सोडून द्यायच्या, ही आपली नवी सवय. त्या दोन घरांत मागाहून आलेल्या गिऱ्हाइकाला ‘जागा नाही’ म्हणून परत पाठवलेले असते. ती रात्र मग कोणालाच विकता येत नाही. आपण बोलीत जिंकतो; हरतो तो चार खोल्यांचा धनी.

संध्याकाळी डोंगराला प्रदक्षिणा घालून, वाळूत मुलांना खेळवून कुटुंब खोलीवर परतते. जेवताना घरच्या काकू आग्रहाने आणखी एक मोदक वाढतात आणि निघताना म्हणतात, ‘पुढच्या वेळी थेट फोनच करा हो.’ त्यांचा क्रमांक जपून ठेवावा.