विश्लेषण : पाळकांची ‘डॉक्टरेट’ पीएच.डी.पेक्षा वेगळी कशी?

चर्चच्या फलकावर किंवा कार्यक्रमपत्रिकेत पाळकांच्या नावाआधी ‘रेव्ह. डॉ.’ असे अनेकदा लिहिलेले असते. यातील ‘डॉ.’ पीएच.डी.चेच असेल असे नाही. त्यामागे ‘डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री’ म्हणजे डी.मिन. असू शकते, मानद पदवी असू शकते किंवा केवळ पैसे भरून घरपोच आलेले प्रमाणपत्रही असू शकते. फलकावर तिन्ही सारखीच दिसतात.

डी.मिन. म्हणजे काय?

ही सेवेत असलेल्या पाळकांसाठीची व्यावसायिक डॉक्टरेट. १९६०च्या दशकात अमेरिकेत तिची सुरुवात झाली. पीएच.डी. प्रामुख्याने अभ्यासक आणि प्राध्यापक घडवते, तर डी.मिन. पाळकाला त्याच्याच कामात अधिक तयार करते. मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनिअर) यांचे उदाहरण घेता येईल. माँटगोमेरीत पाळक असतानाच १९५५ मध्ये त्यांना बोस्टन विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. प्रबंधाचा विषय होता दोन विचारवंतांची ईश्वरविषयक संकल्पना. त्यांच्या मंडळीचा त्या प्रबंधाशी थेट संबंध नव्हता. डी.मिन.मध्ये मंडळी हाच अभ्यासविषय असतो.

अभ्यास कसा चालतो?

अमेरिका व कॅनडातील सेमिनरींना मान्यता देणाऱ्या ‘असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स’च्या (एटीएस) निकषांनुसार किमान ३० क्रेडिट्स लागतात आणि साधारण ३ ते ६ वर्षे जातात. नोकरी सोडावी लागत नाही. सहसा वर्षातून एक-दोनदा आठवडा-दोन आठवडे वर्ग होतात, उरलेले काम घरून. २०२० च्या निकषांनी प्रवेशाची वाटही रुंदावली. पूर्वी तीन वर्षांची ‘मास्टर ऑफ डिव्हिनिटी’ हीच मुख्य अट होती. आता सेवाकार्याशी संबंधित इतर पदव्युत्तर पदवी आणि कामाचा अनुभवही चालतो.

खरा कस लागतो तो अखेरच्या प्रकल्पात. समजा, दफनविधीनंतर आठवडाभरात घरातली वर्दळ थांबते आणि कुटुंब एकटे पडते, असे पाळकाच्या लक्षात आले. तो मंडळीतील काही जणांना प्रशिक्षण देतो, वर्षभराच्या भेटी आखतो, कुटुंबांशी आधी आणि नंतर बोलतो, बायबल व समुपदेशनाच्या अभ्यासाशी निष्कर्ष ताडून पाहतो. प्रयोग फसला तरी हरकत नाही. का फसला, हे मांडता यायला हवे. यातली अडचणही उघड आहे. प्रश्न विचारणारा स्वतःचाच पाळक असेल, तर ‘तुमच्या भेटींचा उपयोग झाला नाही’ असे तोंडावर कोण सांगणार? चांगले मार्गदर्शक म्हणूनच निनावी प्रश्नावली किंवा बाहेरचा मुलाखतकार सुचवतात. जिथे हा आग्रह नसतो, तिथे प्रबंधाचा अहवाल होतो आणि अहवालाचे आभारप्रदर्शन.

बोगस पदव्यांना वाव का मिळतो?

अमेरिकेत धर्म आणि शासन यांच्यातील भिंतीमुळे. टेक्सास राज्याने परवानगीशिवाय पदव्या देणाऱ्या एका सेमिनरीला १ लाख ७३ हजार डॉलरचा दंड केला होता. २००७ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने सेमिनरीच्या बाजूने कौल दिला. धार्मिक शिक्षणाचा दर्जा ठरवणे हे राज्याचे काम नाही, असा त्याचा आशय. धर्मस्वातंत्र्याच्या दृष्टीने हे सुसंगतच आहे. पण मग खरे-खोटे पारखण्याचे ओझे विद्यार्थ्यावर येते. त्यात मान्यता देणाऱ्या संस्थाही बोगस निघतात, त्यामुळे ‘मान्यताप्राप्त’ या एका शब्दावर विसंबता येत नाही.

भारतात काय स्थिती?

सर्वात जुनी व्यवस्था बंगालमधील सेरामपूरची. विल्यम केरी व सहकाऱ्यांनी १८१८ मध्ये तिथे कॉलेज काढले. (केरींचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये सेरामपूरलाच छापले गेले.) गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असल्याने १८२७ मध्ये पदवीदानाची सनद डॅनिश राजाने दिली, १९१८ च्या कायद्याने तिला भारतात आधार मिळाला. आज सेरामपूरचे सिनेट धर्मशास्त्रातील पदव्या देते, त्यात डी.मिन.ही आहे. पुण्यातील युनियन बिब्लिकल सेमिनरी याच सिनेटशी संलग्न आहे.

इतर अनेक बायबल कॉलेजांना ‘एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन’ची मान्यता असते. ती चर्चच्या वर्तुळात चालते, पण ती सरकारी मान्यता नव्हे. यूजीसी कायद्याच्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेच्या कायद्याने खास अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे. मंडळीत सेवा करायची असेल तर या फरकाने फारसे अडत नाही. उद्या एखाद्या विद्यापीठात अध्यापक म्हणून अर्ज केला, तर मात्र अडते. म्हणून पहिला हप्ता भरण्याआधी संस्थेचे नाव माहितीपत्रकात नव्हे, मान्यता देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत शोधावे आणि त्याच संस्थेतील दोन-तीन जुने प्रकल्प मागवून वाचावेत.