कोयता चालतो, मग पाना का नको?

बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्या आल्या, पाठोपाठ सौर प्रकल्पही आले. कंपन्यांचं एक वाक्य मात्र ठरलेलं: "इथं कुशल माणसं मिळत नाहीत." ही कुशलता मोजली कुणी? कुठल्या मापानं?

मैत्रिणींनो, ते माप पाहा. सौर तंत्रज्ञ घडवण्यासाठी केंद्र सरकारनं २०१५ साली 'सूर्यमित्र' प्रशिक्षण सुरू केलं. ६०० तास, सुमारे तीन महिने. अट काय, तर दहावी आणि वर इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर अशा ट्रेडचा आयटीआय. महिलांना प्राधान्य, असंही लिहिलेलं! पण आष्टीतल्या ऊसतोड कामगाराची मुलगी आयटीआयपर्यंत पोचणार कशी? दिवाळीच्या सुमारास आईबाप फडावर जातात, मार्च-एप्रिलात परततात. धाकट्यांना सांभाळायला, कोपीवर भाकरी थापायला तीही जाते. शाळा तुटते, लग्न उरकतं. आधी दार लावून घ्यायचं आणि मग म्हणायचं, बायका आल्याच नाहीत!

फडात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मोळ्या डोक्यावरून वाहणारी बाई हिशेबात अर्धी आणि उचल नवऱ्याच्या हातात. ऊर्जेच्या धंद्यातही हेच चाललं आहे. २०१९ च्या एका अभ्यासानुसार भारतात छतावरच्या सौरऊर्जेच्या कामात बायका सुमारे ११ टक्केच होत्या. तारा, यंत्रं, महिन्याचा पगार पुरुषांचा. गवत काढणं, प्लेटा पुसणं आमचं, तेही रोजानं. जमिनीचं भाडंही सातबाऱ्यावर नाव असेल त्याला.

"बायकांना जमणार नाही" म्हणणाऱ्यांनी राजस्थानातलं तिलोनिया पाहावं. तिथल्या बेअरफूट कॉलेजात अक्षरओळख नसलेल्या आज्यासुद्धा सहा महिन्यांत सौरदिवे जोडायला, दुरुस्त करायला शिकल्या. तारांच्या खुणा रंगांवरून लक्षात ठेवल्या. मोठ्या दाबाच्या विजेला जास्त शिक्षण लागतं, हे खरंच. मग ते द्या ना!

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रशिक्षण मे ते सप्टेंबरमध्ये, बाया गावात असताना, तालुक्यातच घ्या. सोबत पाळणाघर हवं आणि बुडणाऱ्या मजुरीपोटी विद्यावेतन हवं. शाळा सुटलेल्यांसाठी वेगळी पहिली पायरी करा. आणि प्रत्येक कंपनीनं ग्रामसभेत यादी वाचावी: गावातल्या किती बायका, कोणत्या कामावर, किती पगारावर?

येत्या महिला ग्रामसभेत हा प्रश्न आपणच मांडू. आमची तयारी खुशाल मोजा, पण आम्हाला कामावर घ्यायची तुमची तयारी किती, तेही सांगा.